विश्लेषण : अँटेना न हलवता रेडिओलहरी वळवणारे फर्डिनांड ब्राऊन कोण होते? नोबेल मिळूनही त्यांचा शेवट परक्या देशात का झाला?

५जी टॉवरवरचा चपटा पांढरा पॅनल, युद्धनौकेवरचे रडार, जुन्नर तालुक्यातील खोडदची जीएमआरटी दुर्बीण आणि गच्चीवर वायरचे दोन चौकोन ताणून मध्यरात्री परदेशातील क्षीण संदेश ऐकणारा हौशी रेडिओचालक. वरवर पाहता या चौघांत काहीच साम्य नाही. मात्र, चारही ठिकाणी एकच युक्ती वापरली जाते. एकापेक्षा जास्त अँटेना घ्यायच्या, प्रत्येकीच्या संदेशाला मोजून-मापून उशीर करायचा आणि सगळे संदेश एकत्र करायचे. त्यामुळे अँटेना जागची न हलवता तिचा रोख हव्या त्या दिशेला वळवता येतो. याला ‘फेज्ड ॲरे’ म्हणतात.

ही युक्ती १९०५ मध्ये स्ट्रासबुर्गजवळच्या एका मैदानावर प्रत्यक्ष करून दाखवणारे शास्त्रज्ञ म्हणजे कार्ल फर्डिनांड ब्राऊन. जुन्या टीव्हीची पिक्चर ट्यूब त्यांची, सेमीकंडक्टर डायोडची पहिली चाहूल त्यांची आणि १९०९ चे भौतिकशास्त्राचे नोबेलही त्यांचे. ते त्यांना गुल्येल्मो मार्कोनी यांच्यासोबत विभागून मिळाले होते. तरीही मार्कोनींचे नाव शाळेच्या पुस्तकात राहिले आणि ब्राऊन विस्मरणात गेले. आपल्या सर्वांत प्रसिद्ध शोधाचे पेटंटही न घेतलेला हा माणूस पेटंटच्याच एका खटल्यासाठी अमेरिकेला गेला आणि पुन्हा घरी परतू शकला नाही. त्यांच्या आयुष्याची आणि त्या तीन अँटेनांची ही गोष्ट.

ब्राऊन कोण होते?

६ जून १८५० रोजी जर्मनीतील फुल्डा या गावात ब्राऊन यांचा जन्म झाला. वडील न्यायालयात कारकून होते. घर मध्यमवर्गीय, मुले बरीच आणि शिक्षणावर भर. थोरले बंधू वुनिबाल्ड पुढे ‘हार्टमान अँड ब्राऊन’ या विद्युत मोजमाप उपकरणांच्या कंपनीचे सहसंस्थापक झाले. फर्डिनांड यांनी मारबुर्ग आणि बर्लिन येथे शिक्षण घेतले. १८७२ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. प्रबंधाचा विषय होता कंप पावणाऱ्या तारा.

डॉक्टरेट हाती असली तरी विद्यापीठात पगाराची पक्की जागा मिळणे तेव्हा सोपे नव्हते. आज नेट-सेट होऊन तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या तरुणांना ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको. ब्राऊन काही काळ गेऑर्ग क्विंके या प्राध्यापकांचे सहायक होते. नंतर त्यांनी शिक्षक होण्याची सरकारी परीक्षा दिली आणि १८७४ मध्ये ते लाइपझिगच्या सेंट थॉमस शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले. मुलांसाठी गणित आणि विज्ञानाची ओळख करून देणारे एक पुस्तकही त्यांनी याच काळात लिहिले.

शाळेत शिकवताना कोणता शोध लागला?

शाळेची नोकरी सांभाळून ते स्फटिकांवर प्रयोग करत होते. गॅलेना म्हणजे शिशाचे सल्फाइड, पायराइट म्हणजे लोहाचे सल्फाइड, अशा खनिजांच्या तुकड्यांना धातूच्या तारेचे टोक टेकवायचे आणि त्यातून वीज सोडायची. त्यात त्यांना एक चमत्कारिक गोष्ट दिसली. वीज एका दिशेने सहज जात होती, मात्र तारा उलट्या जोडल्या की प्रवाह कमी होत होता.

ओहमच्या नियमानुसार असे व्हायला नको होते. वायर सरळ जोडा किंवा उलटी, रोध तोच राहायला हवा. १८७४ मध्ये त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले. इतरांना हा परिणाम दर वेळी सहज मिळत नव्हता, कारण तारेचे टोक स्फटिकावर नेमके कुठे आणि किती दाबाने टेकते यावर तो अवलंबून होता. शिवाय या गुणधर्माचा उपयोग काय, हे तेव्हा कोणालाच सांगता आले नसते. रेडिओचा जन्म व्हायला अजून दोन दशके होती.

आजच्या भाषेत सांगायचे, तर ब्राऊन यांनी सेमीकंडक्टर डायोडचा परिणाम पाहिला होता. तुमच्या फोनच्या चार्जरमध्ये एसीचे डीसी करणारा घटक याच गुणधर्मावर चालतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेडिओलहरी ओळखण्यासाठी स्फटिकांचा वापर सुरू झाला आणि ब्राऊन यांचा जुना शोध कामी आला. या टप्प्यावर भारताचाही संबंध येतो. कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी गॅलेनाचा वापर करून लहरी ओळखणारे उपकरण बनवले होते. त्याच्या अमेरिकी पेटंटसाठीचा अर्ज १९०१ मध्ये झाला आणि १९०४ मध्ये ते मंजूर झाले.

टीव्हीची नळी त्यांनी कशासाठी बनवली?

लाइपझिगनंतर मारबुर्ग, स्ट्रासबुर्ग, कार्ल्सरूहे, ट्युबिंगन असा प्रवास करत ब्राऊन १८९५ मध्ये स्ट्रासबुर्ग विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र संस्थेचे संचालक झाले. हे शहर आज फ्रान्समध्ये आहे. मात्र १८७१ च्या युद्धानंतर ते जर्मन साम्राज्यात होते.

त्या काळात शहरांना एसी वीजपुरवठा सुरू झाला होता. सेकंदाला अनेक वेळा दिशा बदलणारा हा प्रवाह नेमका कसा वर-खाली होतो, हे डोळ्यांनी पाहण्याची सोय नव्हती. मीटरचा काटा इतक्या वेगाने हलू शकत नाही. काट्याला वजन असते. मग वजन जवळपास नसलेला काटा कुठून आणायचा? ब्राऊन यांनी त्यासाठी कॅथोड किरण वापरले. निर्वात काचेच्या नळीत किरणांचा बारीक झोत सोडला, समोर चमकणारा पडदा ठेवला आणि बाहेर वायरची कॉइल लावली. कॉइलमधला प्रवाह बदलला की झोत वाकायचा आणि पडद्यावरचा ठिपका नाचायचा. फिरत्या आरशात पाहिले की त्या ठिपक्याची लाट दिसायची.

फेब्रुवारी १८९७ मध्ये त्यांनी हे वर्णन प्रसिद्ध केले. हाच पहिला कॅथोड रे ऑसिलोस्कोप. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात ‘सीआरओ’वर साइन वेव्ह स्थिर करता करता घाम फुटलेल्या प्रत्येकाने ब्राऊन यांचीच नळी वापरलेली असते. पुढे त्यांचे सहायक योनाथन झेनेक यांनी झोताला आडवे सरकवण्याची सोय केली आणि फिरत्या आरशाची गरज संपली.

या नळीचे पेटंट ब्राऊन यांनी घेतले नाही. रचना उघडपणे छापून टाकली. ज्याला हवी त्याने बनवावी. १९०६ मध्ये त्यांच्याच संस्थेतील माक्स डीकमान आणि गुस्टाफ ग्लागे यांनी तिच्यावर आकृत्या उमटवण्याचा प्रयोग केला. पुढे हीच नळी टीव्हीची पिक्चर ट्यूब झाली. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले, तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांनी एका घरात दाटीवाटीने बसून पाहिलेले चित्र याच नळीच्या काचेवर उमटत होते. जर्मन आणि जपानी भाषांत पिक्चर ट्यूबला ब्राऊन यांच्याच नावाने ओळखले जाते. आपल्याकडे ते नाव कधी पोहोचले नाही.

मार्कोनींच्या यंत्रात काय उणीव होती?

१८९८ च्या सुमारास ब्राऊन वायरलेसकडे वळले. सुरुवातीचे प्रयोग पाण्यातून संदेश पाठवण्याचे होते. लवकरच त्यांचे लक्ष हवेतून जाणाऱ्या लहरींवर आले. तेव्हा मार्कोनी हे या क्षेत्रातले सर्वांत मोठे नाव होते. मात्र काही किलोमीटरच्या पुढे अंतर वाढवणे जड जात होते.

ब्राऊन यांना कारण सापडले. मार्कोनींच्या सुरुवातीच्या ट्रान्समीटरमध्ये ठिणगी थेट अँटेनाच्या मार्गात पडत असे. म्हणजे ऊर्जा साठवणे, ठिणगी पाडणे आणि लहरी बाहेर फेकणे ही तिन्ही कामे एकट्या अँटेनाकडे. ताकद वाढवायला जावे, तर ठिणगी लांबते आणि ऊर्जा तिथेच उष्णतेत वाया जाते. लहरीही क्षणात विरतात. घंटेवर हातोडा मारून तो तिथेच दाबून धरला, तर नाद होणार कसा?

ब्राऊन यांनी कामांची वाटणी केली. कपॅसिटर, कॉइल आणि ठिणगी यांचे एक वेगळे बंद सर्किट केले. ते दुसऱ्या कॉइलमार्फत अँटेनाशी जोडले. ठिणगी अँटेनातून बाहेर गेली. आता बंद सर्किटमध्ये हवी तेवढी ऊर्जा साठवता येऊ लागली आणि दोन्ही सर्किट एकाच वारंवारतेवर जुळवले की अँटेनातून जोरदार लहरी निघू लागल्या. या रचनेचे पेटंट मात्र त्यांनी घेतले, कारण आता पाठीशी कंपनी होती. गुंतवणूकदारांत कोलोनचे चॉकलेट कारखानदार लुडविग श्टोलवेर्क होते.

उत्तर समुद्राच्या किनाऱ्यावर कुक्सहाफेन येथे चाचण्या झाल्या. सप्टेंबर १९०० मध्ये तेथून ६२ किलोमीटरवरच्या हेल्गोलांड बेटाशी संपर्क साधण्यात आला. जुळवलेल्या आणि एकमेकांशी जोडलेल्या सर्किटची ही पद्धत पुढे वायरलेसची प्रमाण पद्धत झाली.

मग मार्कोनी आणि जर्मनी यांच्यात वाद काय होता?

वाद तंत्राइतकाच व्यवसायाचाही होता. मार्कोनी कंपनी जहाजांवर आपली यंत्रे आणि आपलेच ऑपरेटर ठेवत असे. दुसऱ्या कंपनीचे यंत्र असलेल्या जहाजाशी बोलायचे नाही, असे तिचे धोरण होते. एका कंपनीचे सिम असलेल्या फोनवरून दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला फोनच लागू नये, तसा हा प्रकार. जर्मनीला तो मान्य नव्हता. १९०३ मध्ये बर्लिन येथे याच प्रश्नावर आंतरराष्ट्रीय परिषद झाली. त्याच वर्षी जर्मनीतील प्रतिस्पर्धी गटांना एकत्र आणून ‘टेलिफुंकन’ ही कंपनी स्थापन करण्यात आली. ब्राऊन यांचे पेटंट त्यात गेले. ते स्वतः मात्र विद्यापीठातच राहिले.

१९०५ चा मैदानावरचा प्रयोग काय होता?

वायरलेसची मोठी अडचण म्हणजे लहरी चहूकडे पसरतात. ऊर्जा वाया जाते, शत्रूही ऐकतो आणि दोन केंद्रे एकमेकांच्या संदेशात व्यत्यय आणतात. टॉर्चला जसा आरसा असतो, तसा लहरींनाही आरसा लावता येईल. मात्र लहर शंभर मीटर लांबीची असेल, तर आरसा त्याहून मोठा हवा. तो फिरवणार कोण?

ब्राऊन यांनी आरशाऐवजी वेळेचा वापर केला. १९०५ मध्ये स्ट्रासबुर्गजवळच्या लष्करी कवायतीच्या मैदानावर त्यांनी तीन उभ्या अँटेना त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांवर उभारल्या. तिन्हींना वीज दिली, मात्र एकीच्या लहरीचा ताल इतर दोघींच्या तुलनेत मागे ठेवला. परिणामी एका बाजूला लहरींची भर पडली आणि विरुद्ध बाजूला त्या एकमेकींना मारक ठरल्या. उशीर कोणत्या अँटेनाला द्यायचा, हे बदलले की रोखही बदलत होता. जमिनीत रोवलेला एकही खांब हलवावा लागला नाही.

ऐकायला हे सोपे वाटते. तेव्हा ते सोपे नव्हते. लहरी ठिणगीतून निघत आणि ठिणगी म्हणजे बेभरवशाची गोष्ट. दोन ठिणग्या एका सेकंदाच्या लाखाव्या हिश्शापेक्षाही बारीक अंतराने, दर वेळी तितक्याच फरकाने पाडणे हे खरे आव्हान होते. या प्रश्नावर ब्राऊन यांच्या संस्थेत लिओनिद मांडेलश्टाम आणि निकोलाय पापालेक्सी या रशियन साम्राज्यातून आलेल्या दोन तरुणांनी काम केले. विद्यार्थी चळवळीमुळे ओडेसाच्या विद्यापीठातून काढून टाकल्यानंतर मांडेलश्टाम स्ट्रासबुर्गला आले होते. भारतीय वाचकांसाठी हे नाव आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. १९२८ मध्ये सर सी. व्ही. रामन यांनी कोलकात्यात जो प्रकाश विकिरणाचा परिणाम शोधला, तोच मॉस्कोत स्वतंत्रपणे पाहणाऱ्या दोघांपैकी एक हेच मांडेलश्टाम.

‘फेज’ म्हणजे नेमके काय? वायरच्या लूपने हे घरी कसे करतात?

समजा, तुम्हाला हौशी रेडिओच्या ८० मीटर बँडवर ३.६ मेगाहर्ट्झला ऐकायचे आहे. या लहरीची लांबी सुमारे ८३ मीटर. तिचा चौथा हिस्सा सुमारे २१ मीटर. आता वायरचे दोन एकसारखे लूप २१ मीटर अंतरावर, एकामागे एक, समांतर उभे केले आहेत असे समजा. एकाला पुढचा म्हणू, दुसऱ्याला मागचा. पूर्ण लहरीचा लूप करायचा, तर प्रत्येकाला सुमारे ८५ मीटर वायर लागते. म्हणजे साधारण २१ मीटर बाजूचा चौकोन.

समोरून आलेली लहर आधी पुढच्या लूपला भेटते आणि पाव फेरी उशिरा मागच्या लूपला. आपण पुढच्या लूपचा संदेश मुद्दाम पाव फेरी रोखून धरला, तर दोन्ही संदेश एकाच तालात जुळतात आणि त्यांची बेरीज होते. मागून आलेल्या लहरीचे उलटे होते. ती पुढच्या लूपला आधीच पाव फेरी उशिरा पोहोचते. त्यात आपण आणखी पाव फेरी रोखतो. एकूण अर्धी फेरी. एक संदेश वर जात असताना दुसरा खाली. वजाबाकी होऊन मागचा आवाज जवळपास नाहीसा होतो.

हा उशीर कुठून आणायचा? केबलमधून. केबल टीव्हीला असते तशा कोॲक्सियल केबलमध्ये संदेश हवेपेक्षा हळू चालतो. घन पॉलिथिन असलेल्या केबलमध्ये साधारण ६६ टक्के वेगाने. त्यामुळे पाव फेरीच्या उशिरासाठी २१ मीटर नव्हे, तर पावणेचौदा मीटर केबल पुरते. पुढच्या लूपची केबल तेवढी लांब ठेवायची. एक स्विच लावून हा जास्तीचा तुकडा पुढच्याऐवजी मागच्या लूपला जोडला की अँटेनाचा रोख पाठीमागे वळतो. मैदानावर ब्राऊन यांनी केलेल्या कामाचीच ही छोटी आवृत्ती.

इथे एक मेख आहे. संदेश पाठवण्यासाठी असे लूप वापरायचे, तर जवळजवळचे दोन मोठे लूप एकमेकांवर परिणाम करतात आणि प्रत्येकाचा रोध बदलतो. अशा वेळी टेपने मोजून कापलेली केबल अपेक्षित उशीर देत नाही. केबलच्या टोकाशी नव्हे, तर लूपमध्ये प्रत्यक्ष वाहणारा प्रवाह किती मागे-पुढे आहे ते पाहावे लागते. ते न पाहता गणित बरोबर असूनही अँटेना चालत नाही, असा अनुभव अनेकांना येतो.

फक्त ऐकायचे असेल, तर काम बरेच सोपे होते. तेव्हा काही मीटर घेराचे छोटे लूप चालतात. त्यांचा एकमेकांवरचा परिणाम नगण्य असतो. जागा कमी असेल, तर अंतरही पाव लहरीपेक्षा कमी ठेवता येते. मात्र मग कृती थोडी बदलते. मागच्या लूपच्या दोन तारांची अदलाबदल करायची आणि दोन लूपमधले अंतर कापायला लहरीला जेवढा वेळ लागतो, नेमका तेवढाच उशीर मागच्या लूपला द्यायचा. मागून येणारी लहर मग दोन्हीकडून एकाच वेळी, पण उलट चिन्हाने पोहोचते आणि कटते. समोरची लहर उरते, मात्र ती क्षीण असते.

क्षीण संदेश घेऊन करायचे काय, असा प्रश्न पडेल. कमी वारंवारतेच्या बँडवर अडचण संदेश लहान असण्याची नसते. अडचण गोंगाटाची असते. दूरच्या विजांचा कडकडाट, शेजारचे एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर असे सगळे मिळून आवाज भरून टाकतात. संदेश अर्धा झाला आणि गोंगाट दहावा हिस्सा झाला, तर फायदाच आहे. उरलेले काम ॲम्प्लिफायर करतो. १६० आणि ८० मीटरवर लांबचा संपर्क रात्रीच का होतो, याचेही कारण साधे आहे. दिवसा वातावरणातील आयनांचा खालचा थर या लहरी शोषून घेतो आणि सूर्यास्तानंतर तो विरतो. त्यामुळे या बँडवरची मंडळी रात्री जागी असतात.

लूपशी ब्राऊन यांचा संबंध काय?

थेट संबंध आहे. पहिल्या महायुद्धाच्या थोडे आधी ब्राऊन यांनी उंच मनोऱ्यांऐवजी चौकटीवर गुंडाळलेल्या बंद वायरने लहरी पकडण्याचे प्रयोग केले. चौकट फिरवली की संदेश कमी-जास्त होतो आणि लहर कोणत्या रेषेवरून येते ते कळते. पुढे जहाजांनी दिशा शोधण्यासाठी चौकटीच्या अँटेना वापरल्या. ट्रान्झिस्टर रेडिओ आडवा-उभा फिरवून स्टेशन स्पष्ट करण्याची आपली जुनी सवयही याच गुणधर्मामुळे होती. आत फेराइट कांडीवर गुंडाळलेली कॉइल म्हणजे एक लूपच.

नोबेल मिळूनही नाव मागे का पडले?

१९०९ मध्ये वायरलेस टेलिग्राफीच्या विकासातील योगदानासाठी मार्कोनी आणि ब्राऊन यांना भौतिकशास्त्राचे नोबेल विभागून देण्यात आले. मार्कोनी ३५ वर्षांचे, ब्राऊन ५९ वर्षांचे. एक जगभर ओळखला जाणारा उद्योजक, दुसरा प्राध्यापक. मार्कोनींच्या नावाची कंपनी होती, जहाजांवर त्यांचे ऑपरेटर होते आणि १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली तेव्हा वाचलेल्यांच्या बातम्यांसोबत त्यांचेही नाव छापून आले. ब्राऊन यांच्या पेटंटवर उभ्या राहिलेल्या कंपनीच्या नावात ब्राऊन उरले नव्हते. ते स्ट्रासबुर्गमध्ये विद्यार्थी घडवत राहिले.

मग ते अमेरिकेला का गेले?

ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि ब्रिटनने लगेच जर्मनीच्या समुद्राखालच्या तारा तोडल्या. अमेरिकेशी थेट बोलण्यासाठी जर्मनीकडे वायरलेसचे मोजकेच दुवे उरले. त्यांपैकी एक न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरील सेव्हिल येथे होता. हे केंद्र टेलिफुंकनशी संबंधित कंपनीचे होते आणि ते बर्लिनजवळच्या नाऊएन केंद्राशी बोलत असे.

मार्कोनी कंपनीने पेटंटभंगाचा आरोप करत या केंद्राच्या कंपनीला न्यायालयात खेचले. निकाल विरोधात गेला असता, तर केंद्र बंद पडले असते. ज्या सर्किटवरून वाद होता, त्याचे मूळ ब्राऊन यांच्या कामात होते. साक्ष द्यायला त्यांच्याइतका योग्य माणूस नव्हता.

ब्राऊन तेव्हा ६४ वर्षांचे होते आणि प्रकृती बरी नव्हती. अटलांटिकवर ब्रिटिश नौदलाची गस्त होती. तरीही डिसेंबर १९१४ मध्ये ते झेनेक यांच्यासोबत तटस्थ देशाच्या जहाजातून निघाले आणि न्यूयॉर्कला पोहोचले. काही महिन्यांत परत येऊ, असा हिशेब असणार.

तो हिशेब चुकला. एप्रिल १९१५ मध्ये मार्कोनी स्वतः साक्षीसाठी ‘लुसिटानिया’ जहाजाने न्यूयॉर्कला आले. मे महिन्यात हेच जहाज परतीच्या प्रवासात जर्मन पाणबुडीने बुडवले. त्याच महिन्यात इटली युद्धात उतरला आणि मार्कोनी मायदेशी निघून गेले. जुलैमध्ये अमेरिकी नौदलाने सेव्हिलचे केंद्र ताब्यात घेतले. ज्या केंद्राच्या बचावासाठी ब्राऊन समुद्र ओलांडून आले होते, ते आता दोन्ही पक्षकारांच्या हातात नव्हते. खटल्यातला जीव गेला.

शेवटची वर्षे कशी गेली?

परतीची वाट ब्रिटिश नाकेबंदीने अडवली होती आणि तब्येत प्रवास करण्यासारखी राहिली नव्हती. ब्राऊन ब्रुकलिनमध्ये मुलाकडे राहू लागले. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिकाही युद्धात उतरली आणि कागदोपत्री ते शत्रूराष्ट्राचे नागरिक ठरले. झेनेक यांना नजरकैदेत टाकण्यात आले. ब्राऊन यांचे वय आणि नाव पाहून त्यांना ब्रुकलिनमध्ये राहू दिले गेले. मात्र त्यांची प्रयोगशाळा, विद्यार्थी आणि घर समुद्रापलीकडेच राहिले.

२० एप्रिल १९१८ रोजी ब्रुकलिनमध्येच त्यांचे निधन झाले. युद्ध संपायला तेव्हा सात महिनेही उरले नव्हते. त्यानंतर स्ट्रासबुर्ग फ्रान्सकडे गेले आणि तेथील जर्मन प्राध्यापकांना शहर सोडावे लागले. म्हणजे ब्राऊन जगले असते, तरी ज्या संस्थेत त्यांनी दोन दशके काम केले तिथे त्यांना परतता आले नसते. त्यांच्या अस्थी १९२१ मध्ये जन्मगावी फुल्डा येथे नेण्यात आल्या.

आज त्यांचे काम कुठे दिसते?

पिक्चर ट्यूब घरांतून गेली. एलसीडी, एलईडी आले आणि जड टीव्ही भंगारात निघाले. ठिणगीचे ट्रान्समीटर तर शंभर वर्षांपूर्वीच बाद झाले. मात्र तीन अँटेनांची युक्ती उलट वाढतच गेली. ५जी टॉवरवरच्या पॅनलमध्ये अनेक छोट्या अँटेना असतात. प्रत्येकीच्या संदेशाचा फेज सेकंदाच्या अगदी छोट्या हिश्शात बदलून झोत ग्राहकाच्या दिशेने वळवला जातो. तुम्ही ही बातमी धावत्या लोकलमध्ये वाचत असाल, तर कदाचित या क्षणीही ते सुरू असेल.

खोडदच्या जीएमआरटीमध्ये ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. पल्सार ताऱ्यांचे निरीक्षण करताना अनेक तबकड्यांचे संदेश योग्य उशीर देऊन एका तालात जुळवले जातात. अंतर मोठे, उपकरणे आधुनिक. तत्त्व मात्र स्ट्रासबुर्गच्या मैदानावरचेच.

हौशी रेडिओचालकांसाठी तर हा प्रयोग अजूनही हाताने करण्याजोगा आहे. भारतात संदेश पाठवण्यासाठी केंद्र सरकारची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. वायर, केबलचा मोजून कापलेला तुकडा, एक स्विच आणि थोडी मोकळी जागा एवढ्यावर सुरुवात होते. वायर विजेच्या तारांपासून लांब असावी आणि पावसाळ्यात वीज कडाडू लागली की केबल रेडिओपासून काढून ठेवावी, एवढे पथ्य पाळायचे. मग रात्री स्विच एका बाजूला केला की गोंगाट, दुसऱ्या बाजूला केला की त्याच गोंगाटातून वर येणारा दूरचा मोर्स. गच्चीवरची वायर मात्र जागची हललेली नसते.